भैरूचे पाय

सटुप्पा पाटलांनी हातातल्या काठीनं इंजिनाचा पट्टाच उडवला. धावत्या पट्ट्यात अशी काठी घालणारा माणूस एकतर प्यालेला असतो नाहीतर पोलीस पाटील असतो. जातं घरघरत थांबलं, इंजिन मोकळंच टुकटुकत राहिलं, आणि दळणाला बसलेल्या पाच-सहा बायका तोंड वाकडं करून दाराकडं बघायला लागल्या. माझी गोष्ट ऐन रंगात आली होती. गव्यानं शिंक दिली, त्या वाऱ्यानं माझ्या आजाचं पागोटं उडालं आणि सरळ गोव्याच्या हद्दीत जाऊन पडलं, तिथं पोर्तुगीज शिपायांनी ते पागोटं विनापरवाना आलं म्हणून अटकेत ठेवलं, इथवर मी पोचलो होतो.

"गोष्ट सांगत होतास?" पाटलांनी विचारलं.

"व्हय पाटील. गव्याची."

"बरं झालं. चल भाईर."

मी तेव्हा चौतीस वर्षांचा. घाटमाथ्यावरच्या आमच्या गावात, जिथून पलीकडं उतरलं की कोकण लागतं, पिठाची गिरणी माझी एकट्याची. नाव मसणू. माझ्याआधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं मला मसणात नेऊन उलटा फिरवून आणला आणि हे नाव ठेवलं. मी जगलो. जगून दुसरं काय केलं विचाराल, तर थापा मारल्या. बायका नाचणी दळायला यायच्या त्या निम्म्या दळणासाठी आणि निम्म्या गव्यासाठी. डोंगरात गवे होते, हे खरं. बाकीचं मी घालायचो.

पाटलांनी मला कडब्याच्या गंजीमागं नेलं. पोलीस पाटील म्हणजे आमच्याकडं सरकारच. अंगावर वर्दी नाही, पायात बूट नाहीत, एक पितळी बिल्ला आणि एक काठी. पण तालुक्याचा फौजदार गावात आला की तो पाटलाच्या तोंडून बघायचा. कोण कुठं पडला, कशानं मेला, कोण गुणाचा आणि कोण चोर, पाटील सांगतील ते कागदावर उतरायचं आणि कागदावर उतरलं की ते तसंच घडलेलं असायचं.

"भैरू नायकाला त्याच्या बायकोनं मारला," पाटील म्हणाले.

"रोज तर उलटं असतंय."

"दात काढू नको. मारला म्हंजे मेला."

मी दात मिटले.

"सकाळी यल्लू भात कांडत हुती," पाटील बोलत होते. आवाज असा की बाजारातल्या बैलाबद्दल सांगतायत. "हे बेणं आथरुणातनं उठलं ते चहा न्हाई म्हणून लाथा घालाय लागलं. तिनं मुसळ फिरवलं. एकच. डोक्यात बसलं. उखळाशेजारी पडला तो हललाच न्हाई. तशीच पळत माझ्या दारात आली, मुसळ हातातच. म्हणाली, पाटील, मला बांधा."

"मग बांधली?"

"मुसळ काढून घेतलं आणि आमच्या कारभारणीजवळ बसवली. काय करू बांधून? तिला फासावर देऊन गावाला काय मिळंल? तुला ठावं न्हाई तिचे हाल?"

ठाऊक होते. सगळ्या गावाला ठाऊक होते. यल्लूचा पुढचा एक दात नव्हता आणि डाव्या दंडावर निखाऱ्याचे तीन डाग होते, ओळीत, मोजून दिल्यासारखे. गिरणीत ती सगळ्यात शेवटी बसायची. गोष्टीला हसायची नाही. माझ्या गोष्टीला न हसणारी ती एकच बाई होती, आणि खरं सांगायचं तर मला ते लागायचं.

"त्याला मी पाठीवर घेतला आणि काजूच्या रानातनं ओढ्यापातूर नेला," पाटील म्हणाले. "कुणी बघितलं न्हाई. वरच्या दगडावरनं खाली ढकलला. बरगड्या मोडल्यात. आता त्याला गव्यानं मारलाय."

"गव्यानं?"

"गव्यानं. आणि ते तू बघितलंस."

तुम्हाला वाटेल मला घाम फुटला असेल. मला गुदगुल्या झाल्या. सगळा गाव थापाड्या म्हणून माझ्या पाठीमागं हसायचा, आणि आज साक्षात सरकार गंजीमागं उभं राहून मला थाप मागत होतं. तीही एका बाईचा जीव वाचवायला. असली संधी माणसाला जन्मात एकदा येते.

"पर पाटील, मी खोटारडा म्हणून परशिद्ध हाय."

"गावात. फौजदार गावचा न्हाई." पाटलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या अख्ख्या खानदानात पाटलाचा हात कुणाच्या खांद्यावर पडला नव्हता. "तराळ निरोप घेऊन तालुक्याला धाडलाय. तू आता देवळाकडनं जा. रवळू गुरवाला आणि त्याच्या भावाला पंच म्हणून घेऊन ये. सावकाश ये. मी म्होरं जाऊन बसतो, न्हाईतर कुत्री येतील."

पंच छान निवडले होते. रवळूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि त्याच्या भावाला ऐकू येत नव्हतं.

देवळात गेलो तर रवळूची पूजा चाललेली. म्हणाला, देवाला उघडा टाकून येत नाही, तू हो पुढं. मी काय करणार? गोष्ट पोटात ढुसण्या देत होती. जागा बघितल्याशिवाय मला गवा कुठून आणायचा ते ठरवता येईना. म्हणून मी देवळामागच्या चढानं, काजूच्या रानातून, सरळ ओढ्याच्या वर निघालो.

वरच्या दगडावर आलो आणि थांबलो.

खाली पाण्याच्या कडेला भैरू उताणा पडला होता आणि सटुप्पा पाटील उकिडवे बसून त्याचे पाय धूत होते. घाईनं नाही. म्हाताऱ्या आईचे धुवावेत तसे. टाच एका गुळगुळीत दगडानं घासली, घोट्यावरून पाणी सोडलं, मग अंगठ्यानं एकेका बोटाची बेचकी साफ केली. खाली वाहणारं पाणी तांबडं होत होतं आणि निवळत होतं.

माझ्या पायाखालचा खडा घरंगळला. पाटलांनी मान वर केली. क्षणभर कपाळाला आठी, मग ती गेली.

"लवकर आलास."

"रवळूची पूजा हाय."

"मेलेल्याचे पाय धुवावंत," पाटील म्हणाले. "घरचं कोण हाय त्याला धुवाय? बायको तर तसली."

मला भरून आलं. मी, ज्यानं आयुष्यात एक शब्द खरा बोलल्याचं पुराव्यानं शाबीत नाही, त्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या भैरूनं दहा वर्षं पाटलाला शिव्या दिल्या, त्याचे पाय पाटील धूत होते. त्यांनी ते उपरण्यानं पुसले, काठावर नीट जुळवून ठेवले आणि अंगावर सागाची पानं टाकली. मी मनात म्हणालो, हा माणूस नव्हे.

फौजदार तीनच्या सुमाराला आले. जीप सडकेवर सोडून चिखलाच्या शेतांतून चालत आल्यामुळं वैतागलेले. नाव कारखानीस. गोरे, स्थूल, तोंडात पान, मागं एक शिपाई वही घेऊन. अश्विन लागला होता, पाऊस नुकताच संपला होता आणि भातखाचरांच्या बांधांवर अजून घोटाघोटा तांबडा राडा होता. बुटांकडं बघत ते म्हणाले, "ह्या मेल्याला मरायला रस्त्याकडेला जागा नव्हती का?"

पाटील हसले. मग मीही हसलो.

यल्लूला आणलं होतं. पाटलीणबाईंनी तिला स्वतःचं जुनं लुगडं नेसवलं होतं, कारण तिच्यावर रक्त होतं. ती ओढ्याकडेला दगडासारखी बसली होती. पाटील तिच्याजवळ वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "रड. आत्ता न्हाई रडलीस तर दोरीखाली रडशील."

तिला रडू येईना. पाटलांनी काठीचं टोक तिच्या पायाच्या बोटावर ठेवलं आणि भार दिला. मग ती रडली.

"साक्षीदार कोण?" फौजदारांनी विचारलं.

"हा मसणू जोती गावडे. गिरणीवाला."

"मसणू?" फौजदारांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "प्रसंगाला साजेसं आहे. बोला, मसणूराव. तुम्ही इथं सकाळी काय करत होता?"

"टमरेल घेऊन बसलो हुतो, साहेब."

शिपायाची पेन्सिल थांबली. फौजदार हसायला लागले. तेवढ्यावरच अर्धं काम झालं. माणूस टमरेल घेऊन बसला असं सांगतो तेव्हा त्याला कोणी खोटं म्हणत नाही. खोटं बोलणारा स्वतःला कुठंतरी बरं बसवतो.

मग मी सुरू झालो. तो गवा मी नुसता आणला नाही, त्याला वाढवला. पलीकडच्या काठावर बांबूचं बेट हललं. वारा नव्हता, तरी हललं. आधी वास आला, ओल्या घोंगडीचा. मग कपाळ दिसलं, आमच्या गिरणीच्या दारापेक्षा रुंद. डावं शिंग मोडकं. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, जसे सगळ्या गव्यांचे असतात, पण ह्याचा एक मोजा मळलेला. फौजदार दगडावर बसले. भैरू मला दिसत होता, मी त्याला दिसत नव्हतो, आणि मी ओरडावं तर माझी अवस्था ती.

"मग?" फौजदार म्हणाले.

"मी ओरडलो, साहेब. बसल्याजागी ओरडलो. गव्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातलं टमरेल बघितलं. आणि साहेब, खोटं सांगत न्हाई, त्यानं मान फिरवली. जनावराला बी लाज असती. भैरूच्या हातात टमरेल असतं तर आज तो जिता असता."

फौजदार पोट धरून हसले. शिपाई हसला. रवळूच्या बहिऱ्या भावानं सगळे हसतायत म्हणून हसून घेतलं. पानांखाली भैरू पडला होता, दोन हातांवर त्याची बायको काठीच्या कळेनं रडत होती, आणि मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, आज गिरणीतल्या बायका इथं पाहिजे होत्या.

"शिंग लागलेलं दिसत नाही," फौजदार म्हणाले. पानं काढून ते वाकले होते.

"गवा दरवेळी शिंगानं मारत न्हाई, साहेब. कपाळानं चेचतोय. एकदा उचलून आपटला, तवा डोकं फुटलं. मग रेटला."

"हं." ते खाली सरकले. छाती बघितली, कंबर बघितली, आणि पायांशी आले. तिथं ते बराच वेळ राहिले. मग उठून त्यांनी स्वतःचे बूट पुढं केले.

"पाटील, हे बघा. सडकेपासून इथवर आलो तर माझे बूट घोट्यापर्यंत लाल आहेत. तुमचे पाय बघा. ह्या गुरवाचे बघा. आणि ह्या माणसाचे बघा. घरून निघाला, बांधाबांधानं खाचरांतून इथं आला, आणि पाय असे? लग्नाला निघाल्यासारखे?"

पाटील आभाळाकडं बघायला लागले. यल्लूचं रडणं थांबलं. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं, हात न जोडता हात जोडल्यासारखं.

"मी सांगतो, साहेब," मी म्हणालो. माझं तोंड माझ्यापेक्षा नेहमीच चार पावलं पुढं असतं. "तो वढ्यात पाय धुऊनच वर आला हुता. तवाच गवा आला."

"पाय धुऊन? परत त्याच चिखलातून जायचं होतं ना?"

"पल्याड त्या उंबराखाली आमचा म्हसोबा हाय. म्हसोबाला पाय धुतल्याबिगर जात न्हाईत. रीत हाय. नारळ घेऊन चालला हुता."

"नारळ कुठं आहे?"

"वढ्यानं नेला, साहेब. नारळ तरंगतोय."

फौजदारांनी उंबराकडं बघितलं. शेंदूर फासलेला धोंडा होता. रवळू गुरव आंधळ्या डोळ्यांनी तिकडं बघून हात जोडत म्हणाला, "रीत हाय, रीत हाय." शिपायानं लिहून घेतलं.

ठिगळ बेमालूम बसलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं ठिगळ ते. आणि ठिगळ लावणाऱ्याला जी सवय असते त्या सवयीनं मी उलट्या बाजूनं बघितलं, भोक पडलं कशानं.

ज्याला सांगायचं आहे की हा माणूस चालत ओढ्यावर आला आणि गव्यानं मारला, त्याला तो चिखल सोन्यासारखा. नसता तर त्यानं मुद्दाम फासला असता. आणि चिखल होता. बोटांच्या बेचक्यांतून निघालेलं तांबडं पाणी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आथरुणातून उठून उखळाशेजारी पडलेल्या आणि पाठीवरून आणलेल्या माणसाच्या बोटांत तो आला कुठून?

पाटील मला गंजीमागं 'पाठीवर घेतला' म्हणाले, आणि मग त्यांना पाय आठवले. फौजदारासाठी नव्हतेच ते धुतलेले. माझ्यासाठी धुतले होते.

भैरू उखळाशेजारी पडला, पण मेला नव्हता. शुद्धीवर आला, फुटक्या डोक्यानं उठला आणि खाचरांतून चालत निघाला. ओढ्याच्या वाटेनं वर गेलं की एकच घर लागतं, पाटलांचं. बायकोनं मारलं म्हणून तक्रार द्यायला तो पोलीस पाटलाकडं चालला होता. आणि पाटील यल्लूच्या हातातलं मुसळ काढून घेऊन खाली उतरत होते.

मी पाटलांकडं बघितलं. ते आता आभाळाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. ते सावकाश यल्लूपाशी गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"आणखी काही सांगायचं आहे?" फौजदारांनी मला विचारलं.

"सांग की मसण्या," पाटील मायेनं म्हणाले. "काय ऱ्हायलं असंल तर सांगून टाक बाबा. साहेब आल्यातच तर सगळ्यांचंच हून जाऊ दे."

यल्लू त्या हाताखाली बसली होती. मी एक शब्द काढला असता तर तिचं मुसळही निघालं असतं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हे कारण सांगत आलो. कारण चांगलं आहे, अजूनही त्याला कुठं भोक सापडत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मला पाटलांची भीती वाटली. आणि दुसरं असं की गोष्ट फारच चांगली झाली होती.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "एवढंच."

मी सही केली. रवळूनं आंधळा अंगठा दिला, त्याच्या भावानं बहिरा दिला. जाताना फौजदारांनी मला पान दिलं आणि म्हणाले, "तुम्ही तमाशात पाहिजे होता, मसणूराव."

ते गेल्यावर पाटील माझ्याशी एकच वाक्य बोलले. "झ्याक सांगितलीस. आता हीच सांगत जा. बदलू नको."

भैरूच्या शेतात झरा होता, बारमाही. त्याच्याच खालच्या अंगाला पाटलांचा ऊस होळीनंतर वाळायचा. दहा वर्षं पाटील ते शेत मागत होते आणि दहा वर्षं भैरू त्यांना बांधावर उभा राहून शिव्या देत होता. भैरूच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी यल्लूनं शेताच्या कागदावर अंगठा दिला. साक्षीदार म्हणून सही माझी आहे. हात आता त्या कामाला सरावला होता.

ती पाटलांच्या वाड्यावर राहायला गेली. राहायला म्हणजे शेणाला, धुण्याला, पाण्याला. पाटलांनी तिला कधी मारलं नाही, हे मी कबूल करतो. मारायची गरज नव्हती. ते मुसळ त्यांनी सांभाळून ठेवलं होतं, आणि वाड्यावरचं भात तिनं त्याच मुसळानं कांडायचं असा त्यांचा दंडक होता. दुसरं आणलं तर परत पाठवायचे. सणावाराला पाहुणे बसले की मोठ्यानं म्हणायचे, "यल्लू, जरा हळू गं, आवाज लांब जातोय." पाहुण्यांना त्यात काही दिसायचं नाही. ती मात्र मुसळ तसंच वर धरून थांबायची, ते दुसरं काही बोलेपर्यंत.

आणि मी? मी मोठा झालो. टमरेलाच्या गव्याची गोष्ट ऐकायला आजूबाजूच्या तीन गावांचं दळण माझ्याकडं यायला लागलं. त्यांच्या गावात गिरण्या होत्या तरी. शिमग्याला मला बोलावून नेत. गवा दरवर्षी वीतभर वाढत होता.

एकोणीस वर्षं गेली. सटुप्पा पाटील झोपेत मेले, गादीवर, दुधाचा पेला उशाशी. बाराव्या दिवशी यल्लू तेराव्याचं दळण घेऊन गिरणीत आली. केस पांढरे, पाठ वाकलेली, तो एक दात नव्हता त्याच्या शेजारचे दोन गेलेले. गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं डालगं उतरवलं आणि सवयीनं शेवटच्या जागेवर जाऊन बसली.

मी इंजिन चालू केलं नाही.

"यल्लू," मी म्हणालो, "पाटील गेले. आता बोलाय हरकत न्हाई. भैरूला तू मारलं न्हाईस."

तिनं वर बघितलं.

मी सगळं सांगितलं. तांबडं पाणी, बोटांच्या बेचक्या, फौजदाराचे बूट. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट मीठमसाला न घालता सांगत होतो, आणि ती मला नीट सांगता येईना. मधेच अडलो, मागं गेलो, एक गोष्ट दोनदा सांगितली. ती ऐकत होती. सांगून झाल्यावर तिनं पदरानं डालग्यावरचं पीठ झटकलं.

"चालत कुठं निघाला हुता?"

"पाटलाकडंच. तक्रार द्यायला."

"म्हंजे माझं नाव सांगायला."

"व्हय."

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

"हे तुमास्नी कवा कळालं, मसणूदादा?"

मला खोटं बोलता आलं असतं. दुसरं मला येतंच काय? पण त्या दिवशी मी ठरवून आलो होतो.

"त्याच दिवशी. वढ्यावर."

ती माझ्याकडं बघत राहिली. तेवढा वेळ माझ्याकडं कुणी बघितलेलं नाही, माझ्या आईनंसुद्धा नाही. मग तिनं मान हलवली, लहान पोराला समजूत घालावी तशी.

"मग हे खोटं असंल," ती म्हणाली. "खरं असतं तर तुमी मला त्याच दिवशी सांगितलं असतंसा. एकुणीस वरसं माणूस कशाला गप बसंल?"

"यल्लू, मी..."

"चांगली न्हाई ही गोष्ट. जुळली न्हाई तुमास्नी." तिनं डालगं उचलून जात्यापाशी सरकवलं. "पाटलांनी मला वाचवली. मेल्या माणसाला असं बोलू ने. दळा आता, वाड्यावर बाया खोळंबल्यात. आणि ती सांगा, टमरेलाची. मी एकदाबी ध्यान दिऊन ऐकली न्हाई ती."

मी इंजिन सुरू केलं. पट्टा चढवला. गहू जात्यात सोडला आणि सुरुवातीपासून सांगायला लागलो. बांबूचं बेट हललं. ओल्या घोंगडीचा वास आला. आवाजावर आवाज चढवून मी ओरडत होतो आणि ती पुढं वाकून, कानामागं हात धरून ऐकत होती. मोडकं शिंग आलं, मळलेला मोजा आला. गव्यानं माझ्याकडं बघितलं.

टमरेलाच्या जागी ती हसली. सगळेच तिथं हसतात.